संयुक्त निवेदनाच्या तीन प्रती

फेब्रुवारी आला की तळेगावात संत्र्यांचा वास सुटतो. झाडावरच्या नव्हे, फुटलेल्या संत्र्यांचा. हायवेच्या कडेला ट्रक लागतात, पेट्या भरताना नाकारलेली फळं तिथंच टाकून देतात आणि दुपारच्या उन्हात त्यांचा आंबट, थोडा कुजका वास बसस्टँडपासून आमच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत येतो. त्याच दिवसांत तुरीची मळणी चालू असते, थ्रेशरचा भुसा हवेत तरंगतो आणि अर्धा वर्ग शिंकत असतो. खिडकीबाहेरच्या पळसाला पान म्हणून उरत नाही, नुसती फुलं. आणि अकरावीची घटक चाचणी तोंडावर आलेली असते.

मी इतिहास शिकवतो. तीस वर्षं झाली. या मोसमात दरवर्षी माझा एकच धडा शिल्लक राहिलेला असतो, किंवा खरं सांगायचं तर मीच तो मागे ठेवतो, जेवणातला आवडता घास शेवटी ठेवावा तसा. दुसऱ्या महायुद्धातल्या दोस्त राष्ट्रांच्या परिषदा. फळ्यावर चार रकाने आखायचे: ठिकाण, उपस्थित, चर्चा, निर्णय. पोरं वहीत उतरवून घेतात. मग मी खडू खाली ठेवून पुस्तकात नसलेलं सांगायला लागतो. समुद्राकाठचा तो गारठलेला राजवाडा, अंगणात मांडलेल्या तीन खुर्च्या, त्यातला एक नेता इतका आजारी की फोटोतही त्याचे डोळे खोल गेलेले. मागे उभे असलेले सेनाधिकारी. जेवणाच्या टेबलावर बसूनही ज्यांना घास तोंडात घालायला फुरसत मिळायची नाही असे दुभाषे. पोरं ऐकतात. ट्रकांचे हॉर्नसुद्धा तेवढा वेळ ऐकू येत नाहीत. युद्धं रणांगणावर लढली जातात पण जिंकली जातात टेबलावर, असं मी त्यांना सांगायचो, आणि ते सांगताना माझा आवाज मलाच आवडायचा.

यंदाही टीव्हीवर बैठका चालू आहेत. चार वर्षं होत आली, युद्ध तेच, बैठकीची राजधानी दर वेळी वेगळी. लांबलचक टेबल, झेंडे, पाण्याच्या बाटल्या, एकमेकांच्या पाठीवर थाप मारणारे नेते. कोण कोणाच्या शेजारी बसलं यावर अर्धा तास चर्चा. पूर्वी मी अशा वेळी चहा गार होऊ द्यायचो. आता बघतो आणि मला काही वाटत नाही. याची लाज वाटायला हवी, तीही वाटत नाही. बायको विचारते, "बंद करू का?" मी म्हणतो, "राहू दे." राहू दे कशासाठी, ते मला माहीत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझा मुलगा निखिल युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. त्याच होस्टेलात आमच्या भागातली आणखी दोन मुलं होती. एक आष्टीचे संत्रा बागाईतदार दिवाकरभाऊ यांचा अक्षय. दुसरी श्वेता, आमच्या इथल्या वनरक्षक वंदना यांची एकुलती एक मुलगी. वंदनाचा नवरा लवकर गेला, तिनं नोकरी करत पोरीला वाढवलं. ही वंदना माझ्या अगदी सुरुवातीच्या तुकडीतली विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसायची, बोलायची कमी, पण अक्षर असं की मी तिची वही दुसऱ्या वर्गात दाखवायला न्यायचो.

मुलं दूर गेली तशी आम्ही तिन्ही घरं जवळ आलो. एखाद्या रविवारी दिवाकरभाऊ संत्र्यांची पिशवी घेऊन यायचे, वंदना यायची, आणि होस्टेलच्या जेवणापासून तिथल्या थंडीपर्यंत सगळ्याचा आढावा व्हायचा. मी आम्हाला दोस्त राष्ट्रं म्हणायचो. दिवाकरभाऊ मोठ्यानं हसायचे. वंदना फक्त हसल्यासारखं करायची. ती मला सर म्हणायची, आणि तिच्यासाठी मी पालक वगैरे काही नव्हतो, सरच होतो.

तो सोमवार होता. सीमेवर रणगाडे येऊन थांबल्याच्या बातम्या महिनाभर चालू होत्या. आपल्या दूतावासानं मुलांना परत यायला सांगितलं होतं, त्यांचं विद्यापीठ मात्र वर्ग बुडवू नका म्हणत होतं. आणि त्या सकाळी बातमी आली की दोन महासत्तांचे प्रमुख शिखर बैठकीला तत्त्वतः तयार झाले आहेत. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळी वाजवली. मग दोघांनाही फोन केले, या म्हणून.

कॉलेजातला जुना गुंडाळीचा नकाशा मी आधीच घरी आणून ठेवला होता. जेवणाच्या टेबलावर तो पसरला, चारी कोपऱ्यांवर चार संत्री ठेवली. लाल पेन्सिलीनं एका बाजूचं सैन्य, निळ्यानं दुसऱ्या. दिवाकरभाऊ कौतुकानं बघत होते. वंदना सरळ जंगलातून आली होती, खाकी वर्दीत. पॅन्टच्या कडेला वाळकं गवत चिकटलेलं, आणि ते आमच्या फरशीवर पडू नये म्हणून ती खुर्चीच्या टोकावर बसलेली. तिच्या हातात मोबाइल होता. श्वेतानं तिकीट काढलं होतं. त्या रात्रीच्या रेल्वेनं ती राजधानीला जाणार होती आणि मंगळवारी तिथून आपलं, भारताचं विमान.

"सर, तिचं तिकीट झालं हाये," वंदना म्हणाली. "त्या दोघायलेबी मियते म्हणते. तिघं संगंच निंगतीन."

मी म्हणालो, आधी पूर्ण परिस्थिती समजून घेऊ. आणि बोलायला लागलो. बैठक ठरली म्हणजे दोन्ही बाजूंना वेळ हवा आहे. वेळ हवा असणारा पहिली गोळी झाडत नाही. मित्र देश एकत्र आहेत, त्यांनी आपापसात ठरवलेलं आहे, समोरच्यालाही ते ठाऊक आहे. अशा वेळी घाबरून निघालेली मुलं वर्ष गमावतील. चार दिवस थांबू, बैठकीची तारीख लागू दे, मग शांतपणे निर्णय घेऊ. मी पाऊण तास तरी बोललो असेन. त्याच्या आधीच्या आठवड्यातच मी वर्गात एका अशा परिषदेबद्दल शिकवलं होतं, जिच्यानंतर वर्षभरात सगळा युरोप पेटला. ती परिषद मला त्या सोमवारी आठवली नाही. आठवली असती तरी तिच्यातून मी मला हवं तेच काढलं असतं.

मधे एकदा वंदना म्हणाली, "पण सर..."

"थांब, माझं पूर्ण होऊ दे," मी म्हणालो. वर्गात म्हणतो तसंच. ती थांबली. माझं पूर्ण झाल्यावर मी तिच्याकडे वळलोच नाही, दिवाकरभाऊंकडे वळलो. ते म्हणाले, "सर, तुमी एवढा अभ्यास केला हाये, आमी काय सांगाव?" ठरलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण परिषद झाली म्हणजे तिचं निवेदन निघायला हवं, ही माझी हौस. मी कार्बन लावून तीन प्रती केल्या. अजून शब्द न् शब्द आठवतो. सर्व परिस्थितीचा साकल्याने विचार करता आम्ही या निष्कर्षाप्रत आलो आहोत की तूर्त प्रवास करणे हिताचे ठरणार नाही. बायको चहाचे कप घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली, "लेकरांना फोन करायचा आहे की शासन निर्णय काढायचा आहे?" दिवाकरभाऊ हसले. मीही हसलो. आणि मग मी एक नियम सांगितला. खोलीत काय बोलणं झालं ते खोलीतच राहील. प्रत्येकानं हे आपल्या मुलाला स्वतःचा निर्णय म्हणून वाचून दाखवायचं, कारण मुलं फार हुशार असतात, एकाच्या आईचं म्हणणं दुसऱ्याच्या बापाला सांगून फाटे फोडतात. तिघांचा एकच सूर लागला पाहिजे. मोठमोठ्या परिषदांत हेच असतं, मी म्हणालो.

मी निखिलला आतल्या खोलीतून फोन केला. तो लगेच हो म्हणाला, त्याला तसंही निघायचा कंटाळा होता. दिवाकरभाऊंनी व्हरांड्यातून केला. वंदना अंगणात गेली, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली. मुनगा तेव्हा फुलला होता, तिच्या टोपीवर पांढरी फुलं पडत होती. मी खिडकीतून बघत होतो. कागद दोन्ही हातांत धरून, मोबाइल खांद्यावर दाबून ती वाचत होती, एकेक शब्द सुटा, मी तिला वर्गात धडा वाचायला उभं करायचो तेव्हा वाचायची तसाच. मग ती थांबली. पलीकडून काही विचारलं गेलं असावं. तिनं खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "हो. मलेबी तसंच वाटते."

आत येऊन तिनं कागदाची नीट घडी केली. "सांगितलं सर."

"शाब्बास," मी म्हणालो. बेचाळीस वर्षांच्या बाईला.

मंगळवारचं विमान गेलं. गुरुवारी सकाळी साडेनवाच्या सुमारास मी घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन निघत होतो तेव्हा निखिलचा फोन आला. पप्पा, बॉम्ब पडून राह्यले. एवढंच बोलला. मागे कोणीतरी ओरडत होतं. मी विचारलं, जेवलास का? दुसरं काही सुचलंच नाही. फोन तुटला आणि मी उत्तरपत्रिका घेऊन कॉलेजात गेलो. लोक मला नंतर म्हणाले, सर तुम्ही फार धीराचे. धीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. मी पेपर तपासत होतो. परिषदांवरच्या टिपेला पाचपैकी चार, तीन, साडेतीन देत होतो.

मुलं आठवडाभर तळघरात होती. बिस्किटं, नळाचं पाणी, एका चार्जरवर वीस फोन. आम्ही तिन्ही घरं कलेक्टर ऑफिसात नावं देऊन आलो, हेल्पलाइनला फोन केले, कुणाकुणाला भेटलो. त्या दिवसांत टीव्हीवर मित्र देशांच्या बैठकांवर बैठका. विमानांना आकाशबंदी करायची की नाही, शस्त्रं द्यायची ती कोणती, निर्बंध कुठले. बैठक संपली की संयुक्त निवेदन. कॉलेजच्या गच्चीत उभा राहून मी एक निवेदन मोबाइलवर वाचलं. तीव्र चिंता, अढळ निर्धार, साकल्याने विचार. भाषा इतकी ओळखीची होती की मी फोन खिशात टाकला. खाली हायवेवर संत्र्यांचे ट्रक निघाले होते, नागपूरकडे, एकामागोमाग एक.

मग मुलांना शहर सोडायला सांगितलं गेलं. गाड्यांत जागा नव्हती, ती पायी निघाली, बर्फातून. निखिल आणि अक्षय पुढच्या घोळक्यात होते. श्वेता मागे राहिली, एका आजारी मैत्रिणीला धरून चालत. तिचे बूट तळघरात पाणी आलं तेव्हाच भिजलेले होते आणि ते वाळले नव्हते. पुढे रेल्वे मिळाली, सीमा आली, विमान आलं. नागपूरच्या विमानतळावर मुलं बाहेर आली तेव्हा ढोल होता, हार होते. श्वेता चाकाच्या खुर्चीत होती, पायांवर घोंगडी. वंदनानं पुढे होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. श्वेतानं मान बाजूला घेतली. मला वाटलं, दमली असेल.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर तिच्या डाव्या पायाला सुई टोचत होते तेव्हा मी दारात उभा होतो. "इथं कळतं?" "नाही." "इथं?" "नाही." ती छताकडे बघून उत्तरं देत होती. दोन बोटं काढावी लागली. मी खाली कँटीनमध्ये जाऊन वडा खाल्ला. भूक लागली होती म्हणून खाल्ला, चव लागली नाही. आजही कँटीन म्हटलं की तो वडा आठवतो, सुई आठवत नाही. माणसाचं मन कुठे जाऊन लपतं ते बघा.

निखिल नंतर दुसऱ्या देशात गेला, आता डॉक्टर होईल. अक्षयनं शिक्षण सोडून बाग हातात घेतली आणि तो त्यात रमला. श्वेता परत गेली नाही. इथेच लॅबचा कोर्स केला, आता आष्टीतल्या लॅबमध्ये रक्त तपासते. चालताना किंचित डावीकडे झुकते, सांगितलं नाही तर कळतही नाही. हे सगळं लोक सुखरूप या एका शब्दात बसवतात. तिघंही सुखरूप आली ना सर, मग झालं. हो, झालं.

काय झालं ते मला माझ्या बायकोनं सांगितलं. वंदनाच्या शेजारणीकडून तिला कळलेलं. मायलेकी एका क्वार्टरात राहतात, पण बोलणं कामापुरतं. डबा घेतला का, लाइट बिल आलं, गॅस लावला. बस्स. श्वेता म्हणते, मी दारात बॅग घेऊन उभी होती, आईनं मले अडवलं. वंदना यावर काही बोलत नाही. माझं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, माहाच निर्णय होता. खोलीतलं खोलीत ठेवायचं, हा माझा नियम ती पाळत होती. आणि मीही पाळत होतो, मला तो सोयीचा होता.

म्हणजे दोन बोटांचं मी काही करू शकत नव्हतो. पण एक गोष्ट करता येण्यासारखी होती. श्वेतासमोर बसून सांगायचं की तो कागद माझा. तुझ्या आईला बोलायचं होतं, मी बोलू दिलं नाही. दोन मिनिटांचं काम. त्याला मी चार वर्षं लावली.

संधी नव्हती असं नाही. दिवाकरभाऊंनी केळझरच्या गणपतीला नवस केला होता, तो फेडायला त्यांनी तिन्ही घरांना गाडी करून नेलं. सगळे पायऱ्या चढून वर गेले. श्वेता खालीच बसली आणि मीही गुडघ्याचं निमित्त करून बसलो, मुद्दामच, सांगायचं म्हणून. समोर एक बाई नारळ विकत होती. माकडं तिच्याकडे टक लावून बसली होती. मी श्वेताला विचारलं, लॅबला जायला बस किती वाजता असते. ती म्हणाली, सव्वानऊ. मी म्हणालो, परतीची? ती म्हणाली, सहा. मग मी म्हणालो, माकडं फार झाली आजकाल. ती हो म्हणाली. वरून घंटेचा आवाज आला आणि सगळे प्रसाद घेऊन खाली आले. वंदनानं मला पहिला दिला, "घ्या सर" म्हणून, उजव्या हाताला डावा लावून.

ही तिची रीत मला सगळ्यात जड जायची. रस्त्यात भेटली की गाडी बाजूला घेते, उतरते, नमस्कार करते. सर, बरे हायेत ना? मॅडमची तब्येत? तिनं एकदा जरी तोंड फिरवलं असतं तरी मी सुटलो असतो. ती फिरवत नव्हती.

मी तिच्यावर अन्याय केला, एवढं मला कळत होतं. पण ते कळणं डोक्यातच राहायचं. रडू यावं, झोप उडावी, असं काही झालं नाही. मी नीट झोपत होतो. फक्त तो धडा मी भराभर उरकायला लागलो होतो. चार रकाने, आणि बास. राजवाडा नाही, खुर्च्या नाहीत, दुभाषे नाहीत. पोरांना काही फरक पडला नाही, त्यांना तेवढंच परीक्षेला लागतं.

यंदा गेल्या आठवड्यात तो धडा घेतला. रकाने भरून झाले, शेवटच्यात निर्णय लिहिले, एक, दोन, तीन. वर्गातून कुणीतरी विचारलं, "सर, यायच्यात कोनीच नाई म्हणलं नाई काय?"

मी म्हणालो, "परीक्षेत येत नाही ते."

वर्ग हसला. मी फळा पुसायला लागलो आणि हात मधेच थांबला. नाही म्हणणारे असतात, प्रत्येक टेबलावर असतात. त्यांचं नाही निवेदनात उतरत नाही, कारण निवेदन लिहिणारा दुसराच कुणी असतो. हे मला माहीत होतं. मी ते शिकवू शकलो असतो. तीस वर्षं मी पोरांना लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून खोली दाखवली होती. मी डस्टर ठेवलं, तास संपायच्या आधी बाहेर आलो, प्राचार्यांना अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि वनखात्याच्या क्वार्टरकडे चालत निघालो.

दुपारचा एक वाजला असेल. श्वेताला त्या दिवशी सुट्टी होती. अंगणात खाटेवर बसून ती बोरं निवडत होती, किडकी एका बाजूला, चांगली सुपात. मला बघून उठू लागली. मी म्हणालो, बस. वंदना ड्यूटीवरून जेवायला आलेली, ती दारात आली. "सर? या ना, उनाचे कुठं आले? बसा, चहा मांडतो." आणि आत गेली. गॅसवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मी खुर्चीवर बसलो. प्रस्तावना करायची नाही, असं वाटेत ठरवलं होतं. तरी तोंडून आलंच, "श्वेता, बरेच दिवस एक गोष्ट..." मग मी ते सोडून दिलं.

"त्या सोमवारी तुझ्या आईनं फोनवर तुला जे वाचून दाखवलं, ते मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "तिला तू निघावीस असंच वाटत होतं. तिनं बोलायला तोंड उघडलं, मी थांब म्हणालो. स्वतःचं म्हणून सांगायचं, हेही मीच सांगितलं. चूक माझी आहे. तुझ्या आईची नाही."

तिनं एक बोर उचललं, बोटानं दाबून पाहिलं, किडक्यांत टाकलं.

"मले माहीत हाये सर."

"कोणी सांगितलं? निखिलनं?"

"कोनी कायले सांगाव? फोनवरच समजलं. माही आई अशी बोलते काय कधी? ते अक्षर न् अक्षर तुमचं होतं. मी तर म्हटलंबी तिले, आई, कागद ठेव बाजूले. तुले काय वाटते ते सांग."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"मग इतकी वर्षं तिच्यावर कशाला..." माझा आवाज मला लांबून ऐकू आल्यासारखा वाटला. "राग माझ्यावर हवा होता."

"तुमच्यावर कायचा राग सर?" ती म्हणाली. तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. "तुमी चुकले, चुकले. तुमी माहे कोन? नुसतं तुमचं असतं तर मनावर न घेता मी निंगूनबी गेली असती. मी तिले विचारलं होतं. जोडे घालून उभी होती मी. ती जर म्हणली असती, नीघ, तर मी निंगली असती. ती म्हणे, मलेबी तसंच वाटते." तिनं सूप खाली ठेवलं. "चार वर्ष झाले, मी वाट पाहून राह्यली. आई मले कधीतरी खरं सांगन म्हणून. ते सोडून म्हणते, गॅस लावला काय."

वंदना उंबऱ्यात उभी होती. दोन्ही हातांत कप. कधीपासून उभी होती कोण जाणे. चहा बशीत सांडला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"सर समोर होते," ती म्हणाली. मग थांबली. ते उत्तर तिलाच पटलं नसावं. तिनं एक कप माझ्या बाजूच्या स्टुलावर ठेवला, दुसरा हातातच राहिला.

"नीघ, असं वाटत होतं," ती पोरीला म्हणाली. "सामान राहू दे, पेपर राहू दे, कोनी काई म्हणो, नीघ. पोटातून वाटत होतं मले. मी बोलली नाई."

श्वेताचा चेहरा लहान मुलीचा होतो तसा आक्रसला आणि ती रडायला लागली, आवाज न करता. वंदना खाटेवर तिच्या शेजारी बसली. पोरीनं पाय थोडे आखडून तिला जागा दिली. डावा पाय आईच्या मांडीला लागला, तो तिनं काढून घेतला नाही.

माझ्या छातीत काहीतरी दुखलं. साधं, खरं दुखलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं काहीतरी बोलावं, दोघींसाठी, हे सगळं नीट शब्दांत मांडावं. तेवढं तरी मला येतं.

वंदना तिच्याशी हळू आवाजात बोलत होती, त्यांच्या घरच्या बोलीत. त्यातलं मला अर्धंच कळत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. मी चहा तसाच ठेवून उठलो. दोघींपैकी कोणी बसा म्हणालं नाही. त्यांना तिथं माझी गरज नव्हती. त्या सोमवारीही नव्हती.